बीएस्सी करता करता रिसर्चची तयारी कशी करायची (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या पोरापोरींसाठी)

रिझल्ट लागला की दरवर्षी हाच मेसेज येतो, "दादा डिग्रीला ८२ टक्के पडलेत, आता सायंटिस्ट व्हायचंय तर काय करू?" आणि सोबत मार्ककार्डाचा फोटो. मी विचारतो, बाबा मार्क दिसले, तू स्वतः केलंयस काय ते सांग की. मग तिकडून बराच वेळ नुसतं टायपिंग, टायपिंग, आणि शेवटी वेबिनारच्या सर्टिफिकेटांची पीडीएफ येते.

मार्क लागतात, त्यात वाद नाही, कारण मार्कांशिवाय फॉर्मच भरता येत नाही. पण फॉर्म भरल्यावर पुढं जो माणूस तुमचा अर्ज वाचतो ना, त्याला एकच बघायचं असतं की या पोराला एखादं काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत नेता येतंय का. म्हणून माझं सांगणं साधं आहे, डिग्रीच्या तीन वर्षांत एक छोटासा प्रश्न धरा आणि तो तडीस न्या, म्हणजे मोजमाप, हिशोब, लिखाण, चार लोकांपुढं मांडणं, सगळं. रिसर्चला लागणारी झाडून सगळी स्किल्स त्या एका कामात शिकून होतात. नाहीतर मग दहा कोर्स, वीस वेबिनार, चार क्विझ, एक ना धड भाराभर चिंध्या.

आता हे टप्प्याटप्प्यानं कसं करायचं ते सांगतो. काही ठिकाणी जास्त लिहिणार आहे, कारण तिथंच घोडं पेंड खातं.

आधी प्रश्न शोधा, आणि तो लहान ठेवा

पोरांचा पहिला विषय ठरलेला, "मलप्रभा नदीचं प्रदूषण" किंवा "कॅन्सरवर औषधी वनस्पती". हे प्रश्न नव्हेतच, ही पुस्तकांची नावं झाली. प्रश्न असा पाहिजे की त्याचं उत्तर आकड्यात येईल, तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये जे आहे त्यावर निघेल, एका सेमिस्टरमध्ये नाहीतर एका सीझनमध्ये उरकेल, आणि उत्तर "हो" आलं काय नि "नाही" आलं काय, दोन्ही वेळा सांगण्यासारखं काहीतरी हातात उरेल. ही शेवटची अट लोक विसरतात.

आपल्याकडं विषयांचा तोटा नाही. एकाच जिल्ह्यात पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडं जांभा दगड आणि धो धो पाऊस, आणि पूर्वेला अथणी-रायबागकडं काळी जमीन आणि पावसाची बोंब, असा फरक घराजवळ बघायला मिळणारे विद्यार्थी देशात किती असतील सांगा. रताळ्याचं पीक आहे, निपाणीचा तंबाखू आहे, साखर कारखान्यांची मळी आहे, उद्यमबागच्या फाउंड्रीची जळकी वाळू आहे. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधलं रॉटनचं वटवाघूळ १९१३ साली शास्त्रात नोंदलं गेलं, आणि नंतर कित्येक वर्षं जगात ते फक्त तिथंच सापडतं असा समज होता, पुढं मेघालयात आणि कंबोडियात सापडलं तेव्हा तो समज गेला. म्हणजे आपल्या दारात काय काय आहे बघा. पण म्हणून लगेच टॉर्च घेऊन गुहेत शिरू नका, तो भाग भीमगड अभयारण्यात येतो आणि तिथं वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, नमुना गोळा करणं तर लांबच. सुरुवातीला परवानगी लागणार नाही असलाच विषय घ्या, स्वतःचं शेत, गावची विहीर, कॉलेजचं आवार.

मी पुढं सगळीकडं एकच उदाहरण धरून चालतो म्हणजे समजायला सोपं जाईल: "आमच्या गावातल्या उघड्या विहिरींचं पाणी आणि बोअरचं पाणी यांच्या हार्डनेसमध्ये (पाण्याच्या कठीणपणात, म्हणजे विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममध्ये) फरक आहे का, आणि पावसाळ्याआधी आणि नंतर तो किती बदलतो?" केमिस्ट्रीच्या पोराला ब्युरेट पाहिजे, कोनिकल फ्लास्क पाहिजे, ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं रसायन) पाहिजे, बास. हे सगळं कुठल्याही डिग्री कॉलेजात असतं. फिजिक्सवाल्यांनी, झूलॉजीवाल्यांनी आपापलं उदाहरण मनात धरावं, पद्धत तीच.

वाचन: सगळा पेपर पहिल्यापासून वाचत बसू नका

शाळा मराठी मिडियम, मग पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी, त्यात रिसर्च पेपर हातात आला की पहिल्या पानावरच दम निघतो. त्याला उपाय क्रम बदलणं हा आहे. आधी शीर्षक आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट, मग थेट आकृत्या आणि टेबलं, त्यांच्या खालच्या ओळींसकट, मग शेवटचा निष्कर्ष. एवढ्यावर ठरवा की हा पेपर आपल्या कामाचा आहे का. असेल तर मग मेथड्स वाचा, आणि ते मात्र बारकाईनं, कारण तुम्हाला तेच करायचंय. इंट्रोडक्शन सगळ्यात शेवटी वाचलं तरी चालतं. प्रत्येक पेपरमागं वहीत तीन ओळी: यांनी काय विचारलं, कसं मोजलं, आणि मला कुठं पटलं नाही. नोट्स मराठीत काढा, इंग्रजी-मराठी मिसळून काढा, तुमची वही आहे, कोण तपासणार आहे? तिसरी ओळ लिहायला सुरुवातीला काहीच सुचत नाही. पाच-सहा पेपरनंतर सुचायला लागतं आणि तेव्हा समजायचं की गाडी रुळावर आली.

पेपर शोधायला गूगल स्कॉलर. एक चांगला पेपर मिळाला की त्याच्याखाली "साइटेड बाय" असतं, त्यावर टिचकी मारली की नंतर त्यावर कोणी काय काम केलं ते दिसतं, आणि पेपरच्या शेवटची यादी बघितली की आधी कोणी काय केलं ते. भारतातल्या पीएचडी थीसिस शोधगंगावर फुकट आहेत, आपल्या भागातल्या पाण्यावर, मातीवर, झाडांवर कोणी काम केलंय ते तिथं शोधा, धारवाड आणि कोल्हापूरच्या युनिव्हर्सिटीच्या थीसिस आधी चाळा. पैसे मागणाऱ्या जर्नलचं म्हणाल तर १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना सुरू झालीय, त्यात सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली आहेत, तेव्हा तुमची युनिव्हर्सिटी किंवा कॉलेज त्यात येतंय का ते लायब्ररीयन सरांना जाऊन विचारा. विचारल्याशिवाय कोणी सांगायला येणार नाही. आणि झोटेरो नावाचं फुकट सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी टाकून घ्या, वाचलेला प्रत्येक पेपर त्यात, नाहीतर लिहायच्या वेळी "तो कुठलातरी पेपर होता बघ" करत बसाल.

चॅटबॉटला पेपर समजावून सांगायला लावता येतं, मीपण लावतो. पण त्यानं दिलेला संदर्भ डीओआय (प्रत्येक पेपरचा ठरलेला ओळख क्रमांक) टाकून उघडल्याशिवाय वापरायचा नाही. अस्तित्वातच नसलेले पेपर, नावागावासकट, तो बिनदिक्कत देतो.

लॅबची वही, इथं जरा थांबून वाचा

आपल्याकडं प्रॅक्टिकलचं जर्नल लिहायची पद्धत कशी ते सगळ्यांना माहितीय. सीनियरचं जर्नल आणायचं, रीडिंग उतरवायची, तीनही रीडिंग १५.२, १५.२, १५.२, खाली अ‍ॅव्हरेज, मॅडमची सही, विषय संपला. यात शिकवणाऱ्यांचा दोष काढत नाही, एका बॅचला पन्नास पोरं आणि दोन तास असले की दुसरं काय होणार. पण रिसर्चची वही म्हणजे बरोब्बर याच्या उलट. जर्नल फेअर असतं, वही कच्ची असते. जर्नलमध्ये उत्तर बरोबर दिसावं लागतं, वहीत जे झालं ते दिसावं लागतं.

बाइंडिंगची वही घ्या, स्पायरल नको, पानं सुटतात. पानांना आधीच नंबर टाका. पेननं लिहा. चुकलं तर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही. आणि काम चालू असताना लिहायचं, संध्याकाळी आठवून नव्हे.

आपल्या विहिरीच्या उदाहरणातलं एक पान कसं दिसावं बघा. वर तारीख, वेळ. नमुना कुठला: गावाच्या पूर्वेची विहीर, पाणी किती खोलीवरून काढलं, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळली होती का, नमुना कधी आणला आणि टायट्रेशन (ब्युरेटमधून थेंब थेंब घालून मोजणं) कधी केलं. ईडीटीए ०.०१ मोलर, कुठल्या दिवशी बनवला, कशाशी स्टँडर्डाइज केला, म्हणजे त्याची खरी तीव्रता कशावर तपासली. नमुना ५० मिली, अमोनिया बफर घालून पीएच १०, इंडिकेटर एरिओक्रोम ब्लॅक टी, रंग वाइन रेडवरून निळा, तोच एंड पॉइंट. रीडिंग (ईडीटीए किती मिली लागला): १५.२, १७.९, १५.३, १५.२. आता यातलं १७.९ बघून हात शिवशिवतो, खोडून १५.३ करावं वाटतं. करायचं नाही. ते तसंच ठेवायचं, पुढं लिहायचं "एंड पॉइंट निसटला, थेंब थेंब न घालता धार सोडली गेली, रंग एकदम गडद निळा, म्हणून हिशोबात धरलं नाही, पुन्हा केलं". कारण माहिती असेल आणि ते त्याच वेळी लिहिलेलं असेल तर रीडिंग सोडता येतं. नुसतं "बाकीच्यांशी जुळत नाही" एवढ्या कारणावर सोडलं तर ती लबाडी झाली, लहान असली तरी.

उरलेल्या तिन्हींची सरासरी १५.२३. या मापांमध्ये ईडीटीएच्या प्रत्येक मिलीला २० मिलीग्रॅम प्रति लिटर हार्डनेस पडते, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात, म्हणजे उत्तर ३०५ च्या आसपास. कॅल्क्युलेटर ३०४.६६६६६७ दाखवतो आणि पोरं ते सगळं उतरवतात. अरे ब्युरेट ०.१ मिलीपर्यंत वाचतेय, तुम्हाला दशांशानंतर सहा आकडे कुठून माहिती झाले? ३०५ लिहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती, हार्डनेसची इष्ट मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे हे पाणी मधल्या पट्ट्यात आलं. हे वाक्य लिहिता आलं की तुमचा आकडा बोलायला लागला.

आणि डिस्टिल्ड वॉटरचं ब्लँक रीडिंग रोज. रोज म्हणजे रोज.

अजून एक भानगड जी एमएस्सीवालेसुद्धा करतात: एका बाटलीतल्या पाण्याचं तीनदा टायट्रेशन केलं म्हणजे तीन विहिरी झाल्या नाहीत. त्यातून तुमचा हात किती स्थिर आहे ते कळतं, विहिरींबद्दल काही कळत नाही. विहिरी आणि बोअर यांची तुलना करायची तर वेगवेगळ्या विहिरी आणि वेगवेगळे बोअर घ्यायला लागतात, निदान सात-आठ तरी दोन्हीकडचे, आणि कुठले घ्यायचे ते आपल्या मित्राच्या घराजवळचे म्हणून नव्हे तर यादी करून चिठ्ठ्या टाकून ठरवा. हे आधी ठरवायचं असतं, डेटा गोळा झाल्यावर स्टॅटिस्टिक्सच्या सरांकडं गेलात तर वरातीमागून घोडं.

कॉम्प्युटरचं काम

भारी लॅपटॉप लागत नाही. गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं, त्यावर पायथन शिका, बायोलॉजीवाल्यांनी हवं तर आर (स्टॅटिस्टिक्ससाठीची भाषा) शिका. एकच काहीतरी धरा. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट बघता येतात, फक्त परीक्षा द्यायची तर फी आहे. पण कोर्स पूर्ण करण्यापेक्षा स्वतःच्या त्या पंधरा-सोळा विहिरी-बोअरचा डेटा घेऊन त्याचा ग्राफ काढायला बसा, त्यात अडाल, शोधाल, ते डोक्यात राहील. स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे काय, स्टँडर्ड एरर म्हणजे काय, एरर बार नेमका कशाचा काढलाय हे सांगता आलं पाहिजे, टी-टेस्ट कधी लावायची कधी नाही हे कळलं पाहिजे. बाकीचं हळूहळू येतं.

एक्सेल वापरा पण डोळे उघडे ठेवून. ते आपल्या मनानं गोष्टींच्या तारखा करून टाकतं, जीन्सच्या नावांचं यानं इतकं वाटोळं केलं की २०२० मध्ये नावं देणाऱ्या समितीनं मानवी जीन्सचीच नावं बदलली, "मार्च१" चं "मार्चएफ१" केलं. तेव्हा एक्सेल बदललं नाही, जीन बदललं!

मूळ डेटाची फाइल वेगळी ठेवायची, तिला परत हात लावायचा नाही, हिशोब कॉपीवर करायचा. फाइलचं नाव तारखेनं सुरू करा, वर्ष-महिना-दिवस, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात, "फायनल", "फायनल२", "एकदम फायनल" असली नावं नकोत. वहीच्या पानाचा फोटो रोज ड्राइव्हवर.

सरांना पकडा, मग बाहेर मेल करा

आपल्या कॉलेजात रिसर्च केलेले एक-दोन सर-मॅडम असतातच, बहुतेक वेळा त्यांच्याकडं कोणी पोरगं फिरकलेलं नसतं म्हणून तेही गप्प असतात. त्यांच्याकडं "सर मला रिसर्च करायचाय" म्हणून जाऊ नका. एका कागदावर प्रश्न, काय मोजणार, काय सामान लागेल आणि किती दिवस, एवढं लिहून न्या. सुट्टीत लॅब उघडी मिळेल का आणि लॅब अटेंडर मामांना कोण सांगणार, हे सगळं अशा कागदावरून सुटतं. अटेंडर मामांशी चांगलं राहा, कुठली बाटली कुठल्या कपाटात ते त्यांनाच माहिती असतं.

बाहेरच्या शास्त्रज्ञांना मेल करायचा तर नुसतं "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड लॅब" हे शंभर जणांना एकदम पाठवायचं बंद करा. असा मेल उघडायच्या आधीच ओळखू येतो. दहा ओळींचा मेल लिहा. विषयात नेमकं काम: "मे-जूनमध्ये दोन महिन्यांच्या प्रोजेक्टबद्दल, बीएस्सी दुसरं वर्ष केमिस्ट्री". पहिल्या ओळीत तुम्ही कोण, कुठल्या कॉलेजचे. मग त्यांचा कुठला पेपर वाचलात आणि त्यातली कुठली गोष्ट तुमच्या कामाशी लागते, दोन वाक्यं, आणि खरंच वाचलेला असू द्या. मग तुम्ही काय केलंय, आकड्यासकट: "गावातल्या आठ विहिरी आणि आठ बोअर, पावसाआधी आणि नंतर, हार्डनेस आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार)". मग कुठल्या तारखांना मोकळे आहात. सोबत एक पानी सीव्ही, पीडीएफ, फाइलला स्वतःचं नाव. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा नम्र आठवण, मग सोडून द्या, ते लोक उद्धट नसतात, मेलखाली गाडलेले असतात.

कुठं कुठं करता येईल? आपण मधोमध बसलोय हे लक्षात घ्या. बेळगावातच आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे, राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी आहे, व्हीटीयू ही इंजिनिअरिंगची युनिव्हर्सिटी आहे, साखरेवर काम करायचं तर निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे. धारवाड ऐंशी किलोमीटरच्या आसपास, तिथं कर्नाटक युनिव्हर्सिटी, कृषी विद्यापीठ आणि २०१६ पासून आयआयटी. कोल्हापूरला शिवाजी युनिव्हर्सिटी. घाट उतरला की गोव्यात दोना पावलाला एनआयओ, समुद्राचं सगळं काम तिथं. पुण्यात एनसीएल (केमिस्ट्री), आयसर (मूलभूत विज्ञान), आयुका (खगोल), आघारकर (जीवशास्त्र). आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये रात्री बसलं की सकाळी बेंगळुरू. आपल्याकडं कर्नाटक की महाराष्ट्र हा वाद घराघरात आहे, त्यात मी पडत नाही, पण लॅब निवडताना तो डोक्यात आणू नका, जिथं काम चांगलं तिथं जायचं. कन्नड येत असेल तर ते वाढवा, फील्डवर गोकाक-सौंदत्तीकडं शेतकऱ्याशी बोलायचं म्हटलं की त्याचा उपयोग कळतो.

समर फेलोशिप

ही संधी आपल्याकडची निम्मी पोरं केवळ माहिती नाही म्हणून सोडतात. देशातल्या तीन सायन्स अकॅडमी मिळून, बेंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची, समर रिसर्च फेलोशिप देतात, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडं काम, स्टायपेंड आणि प्रवासखर्चासह. अर्ज साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये भरतात, म्हणजे उन्हाळ्याच्या गोष्टीसाठी दिवाळीच्या आसपास हलायला लागतं. एप्रिलमध्ये जाग आली की त्या वर्षापुरतं संपलं. अर्जात काय करायचंय आणि का, हे थोडक्यात लिहायचं असतं आणि सरांचं शिफारसपत्र लागतं. इथं तुमची विहीर कामाला येते बघा, बाकी सगळे "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे" लिहितात आणि तुम्ही आकडे लिहिता. शिक्षकांनाही यात अर्ज करता येतो, तेव्हा आपल्या मॅडमनाही सांगा. मुंबईची टीआयएफआर, बेंगळुरूची जेएनसीएएसआर या संशोधन संस्थांचे स्वतःचे समर प्रोग्राम वेगळे, मुंबईच्या होमी भाभा सेंटरचा एनआययूएस हा डिग्रीच्या पोरांसाठीचा कार्यक्रम वेगळा. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल तर इन्स्पायर स्कॉलरशिपकडं बघा, वर्षाला ८०,००० ची, त्यातले २०,००० उन्हाळी प्रोजेक्टसाठी धरलेले असतात.

शिफारसपत्र मागताना सरांना निदान तीन आठवडे द्या, आणि सोबत सीव्ही, तुम्ही केलेलं काम आणि शेवटची तारीख एका कागदावर. "सर उद्या लास्ट डेट आहे" म्हणून गेलात तर पत्र मिळेल पण ते कसलं असेल ते तुम्हीच समजा.

लिहिणं आणि बोलणं

काम झालं की चार ते सहा पानांचा रिपोर्ट लिहा, कोणी मागितला नसला तरी. आधी आकृत्या आणि टेबलं पक्की करा, मग मेथड्स लिहा कारण ते सोपं, मग रिझल्ट, मग चर्चा, आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी. इंग्रजी साधं ठेवा, लहान वाक्यं. एका वाक्यात एक गोष्ट. दुसऱ्याचं वाक्य उचलायचं नाही, समजून घेऊन पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दात लिहायचं आणि संदर्भ द्यायचा. यूजीसीचे २०१८ चे प्लेजिअरिझमचे नियम आहेत, १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही, त्याच्या वर गेलं की पायऱ्यापायऱ्यानं कारवाई, पण खरं सांगायचं तर टक्का मोजत बसणाऱ्याला लिहिणं कधी येत नाही.

मग तोच रिपोर्ट दहा मिनिटांत बोलून दाखवा, डिपार्टमेंटमध्ये, नाहीतर घरी ताईला समोर बसवून. सायन्स न शिकलेल्या माणसाला तुमचा प्रश्न कळला नाही तर दोष तुमच्या मांडणीत आहे. स्लाइडवर परिच्छेद टाकू नका. माहीत नसलेलं विचारलं तर "ते मी तपासलेलं नाही" म्हणा आणि पुढं चला.

पेपर छापायची घाई मात्र करू नका. "तीन दिवसात पब्लिश, सर्टिफिकेटसह, फक्त १,५०० रुपये" असले मेसेज कॉलेजच्या ग्रुपवर फिरतात, त्यात पैसे घालून छापलेला पेपर चांगल्या ठिकाणी गेल्यावर सीव्हीवर डाग दिसतो. यूजीसीची केअर लिस्टही (चांगल्या जर्नलांची यादी) २०२५ मध्ये बंद झालीय, त्यामुळे जर्नल स्वतः तपासायला लागतं: तुम्ही वाचलेल्या चांगल्या पेपरांच्या यादीत हे जर्नल कधी आलंय का, संपादक खरे आहेत का, तुमच्या सरांनी त्यातलं काही वाचलंय का. तिन्हीला नाही असेल तर लांबून नमस्कार.

परीक्षा, आणि इंटरव्ह्यू

यावर भरपूर यूट्यूब आहे, थोडक्यात सांगतो. बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सीला जॅम ही प्रवेश परीक्षा. एमएस्सीच्या सुमारास सीएसआयआर-यूजीसी नेट, पाच विषय, केमिकल, लाइफ, फिजिकल, मॅथेमॅटिकल आणि अर्थ सायन्स, वर्षातून दोनदा, जेआरएफ (पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी तिच्या पुढच्या पायरीला, एसआरएफला, ४२,००० अधिक घरभाडं. बऱ्याच ठिकाणी गेट या परीक्षेचा स्कोअरही चालतो.

परीक्षा पास होऊन इंटरव्ह्यूत आपटणारी पोरं मी जास्त बघितलीत. तिथं तुमच्या सीव्हीवरची एक ओळ धरतात आणि खोदत जातात. "हार्डनेस काढलीस? पीएच १० च का?" उत्तर असं, पीएच त्याच्या खाली गेलं तर मॅग्नेशियमची ईडीटीएशी पकड ढिली पडते आणि इंडिकेटरचा रंगही नीट बदलत नाही, फार वर गेलं तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड खाली बसायला लागतं. "मग बोअरचं पाणी जास्त हार्ड का?" "पावसानंतर कमी झालं असं म्हणतोस, पाणी पातळ झालं म्हणून की दुसरं काही?" स्वतः केलेलं असेल तर यात मजा येते, सीनियरचं उतरवलेलं असेल तर तिसऱ्या प्रश्नाला घाम. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

पीएचडी करायची नसेल तरी ही शिदोरी वाया जात नाही. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ब्रिक्स-पोल (रसातल्या साखरेची मापं) बघणारा केमिस्ट, फाउंड्रीत स्पेक्ट्रोमीटरवर धातू तपासणारा, गोव्यातल्या औषध कंपनीचं क्वालिटी कंट्रोल, एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या पाणी-माती तपासणीच्या लॅब, सगळीकडं नोंदी नीट ठेवणारा माणूस पाहिजे असतो. ऑडिटर आला की पहिल्यांदा वहीच मागतो.

कागदपत्रं, हे आताच करून ठेवा

एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्ककार्डावर नाव एक, आधारवर दुसरं, पाटीलचं स्पेलिंग तिसरं, कुठं वडिलांचं नाव आधी तर कुठं नुसती अक्षरं. हे फॉर्म भरायच्या रात्री सुटत नाही. नाव सगळीकडं एकसारखं करून घ्या आणि पेपरवर, सीव्हीवर, मेलवर तेच वापरा, ऑर्किड आयडी काढून ठेवा, फुकट असतो, सोळा आकडी, त्यामुळं तुमचं काम दुसऱ्या पाटलांच्या नावावर जात नाही. आरक्षणातून अर्ज करणार असाल तर राज्याच्या यादीतली जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेलच असं नाही, ते आधी तपासा, आणि असेल तर नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या महसूल कचेरीतून) मिळणारा नेहमीचा कन्नड दाखला केंद्राच्या संस्थांना चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला इंग्रजी नॉन-क्रिमी लेयर दाखला लागतो आणि तोही बहुतेक ठिकाणी त्या आर्थिक वर्षातला मागतात. महाराष्ट्रातल्या युनिव्हर्सिटीत सीमाभागाच्या सवलतीवर प्रवेश घ्यायचा असेल तर महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांच्या यादीत आपलं गाव आहे का आणि त्या वर्षीच्या माहितीपत्रकात कुठला दाखला मागितलाय, ते प्रवेशाच्या दोन महिने आधी बघा, म्हणजे तलाठी रजेवर असला तरी हातात वेळ राहतो.